हजेरी माणसाची की फोटोची?

रोजगार हमीची कल्पना दिल्लीच्या मंत्रालयात जन्मली नाही. १९६५ साली ती सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला आजमावली गेली. वि. स. पागे यांच्या त्या प्रयोगामागचे तत्त्व साधे होते: राबायला तयार असलेल्या हाताला काम मागण्याचा हक्क आहे. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जतच्या स्त्री-पुरुषांनी खडी फोडून आणि तलाव खोदून त्या तत्त्वात प्राण ओतला. १९७७ साली विधिमंडळाने त्याचा कायदा केला. निदान कायद्याच्या लेखी तरी, दोन हात पुरेसे होते.

ते हात आता पुरत नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलवरील हजेरी सक्तीची केली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, तो स्थळाच्या नोंदीसह वर चढवायचा. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर मजुरी नाही. मापावरचे काम सकाळीच उरकलेल्या बाईनेही दुसऱ्या फोटोसाठी बांधावर ताटकळायचे! कोयनेच्या विजेने मुंबईचे कारखाने चालले. त्याच कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांना मात्र धड रेंजही लाभू नये, आणि त्या उणिवेचा दंड मजुराने भरावा, हा कोणता न्याय?

सरकारचे समर्थन ठरलेले आहे: भ्रष्टाचार थांबेल. जुन्या मस्टरवर खोटी नावे असत, हे आम्ही मुळीच नाकारत नाही. परंतु जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून कबूल केले, की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोंचेच फोटो चढवले जात आहेत. म्हणजे चोराने नवी वाट शोधली आणि छळ तेवढा मजुराच्या वाट्याला उरला. कागदी मस्टर ग्रामसभेत वाचून दाखवता येई, त्यावर बोट ठेवून भांडता येई. यंत्राशी कोणी आणि कुठे भांडायचे?

‘आता मोबाइल घरोघरी आहे’ असे म्हणणाऱ्यांनी सरकारचीच आकडेवारी पाहावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ४८.७ टक्के, तर स्त्रिया अवघ्या २४.६ टक्के होत्या. घरातला एकुलता फोन कोणाच्या खिशात असतो, हे वेगळे सांगायला नको.

मात्र आपल्यातल्याही काही साथींना वाटते, की फोन वाटले म्हणजे विषमता मिटली. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा त्यांना यंत्राचे वावडे होते काय? खरा प्रश्न श्रमाचा पुरावा कोणाच्या हाती राहणार, हा आहे. पूर्वी तो मजुराच्या डोळ्यांसमोर लिहिला जाई. आता तो त्याला दिसतही नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय रोजगार हमीच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १०० चे १२५ झाल्याचा डांगोरा पिटला गेला. पण बायोमेट्रिक ओळख आता थेट कायद्यातच शिरली आहे. सातारा-सांगलीतल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत एकच ठराव मांडावा: कामाच्या जागी कागदी हजेरीपत्रक राहिले पाहिजे, मजुराच्या कार्डावर रोजची नोंद झाली पाहिजे आणि यंत्र बंद पडले तरी त्या नोंदीवर मजुरी मिळालीच पाहिजे. पहिला ठराव विसापूरचा व्हावा.