लाडवातली साखर



दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं घरी आली की आपल्यातली प्रत्येक आजी मास्तरीण होते. वर्षभर मुलं पुण्या-मुंबईत. हातात पंधरा दिवस, तेवढ्यात काय ते संस्कार करून घेऊ, असं वाटतं. मीही तेच करते. पण गेल्या वर्षी मी जे शिकवलं ते चुकलं, आणि आपल्या बऱ्याच घरांत तेच चुकतंय असं मला वाटतं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या सांगलीकडे दसरा झाला की बीडकडचे ऊसतोड मजूर यायला लागतात. गावाबाहेर कोप्या उभ्या राहतात. त्यांची दिवाळी फडातच जाते. गेल्या वर्षी मी फराळाचे वीस डबे भरले, सात वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात यांना गाडीत घातलं आणि तिथं गेले. मुलांच्या हातून डबे वाटले. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, भरपूर कौतुक झालं. परत येताना मी म्हटलं, "बघितलंत ना, त्या मुलांकडे काही नाही. आपल्याला किती मिळालंय!"

नातू थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आजी, बरं झालं आपण तसले नाही."

मला त्याला रागावता येईना. मी शिकवलं तेच तो बोलला होता, फक्त आडपडदा न ठेवता.

"गरिबांकडे बघ, म्हणजे तुला किंमत कळेल" हे आपण सगळ्याच म्हणतो. ताटात टाकलं की म्हणतो, खेळण्यासाठी हट्ट केला की म्हणतो. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण नशिबाचे आणि ते कमनशिबी. याला कृतज्ञता कशी म्हणायची? ही तर तुलना झाली. चार कषायांत क्रोधाच्या पाठोपाठ मान येतो. मुलांना रागावू नको म्हणून सांगताना हा मान मात्र आपण लाडवाबरोबर भरवत असतो.

मी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहिते आहे. माझ्या डोक्यात कृतज्ञता म्हणजे आपल्या नावे असलेलं देणं. मुकादमाच्या वहीत त्या नवरा-बायकोच्या नावे उचल मांडलेली असते. हंगामभर तोड करून ती फेडायची. म्हणजे कागदावर देणेकरी ते. आणि आपण? अमावास्येच्या पहाटे बस्तीत निर्वाण लाडू चढवतो, त्यातली साखर ज्या उसाची, तो अशाच कुणीतरी तोडलेला. ते आपल्या वहीत कुठं आहे?

आमचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, मजुरी मिळते त्यांना. खातं बंद." रोखीचं खातं बंद होत असेल. पण थंडीत अंधार असताना लेकरू गोधडीत गुंडाळून फडाच्या कडेला निजवायचं, ते कुठल्या रकान्यात लिहू? २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सगळ्या पंथांनी मिळून जे प्रतीक स्वीकारलं, त्याच्याखाली तत्त्वार्थसूत्रातलं वचन आहे. जीवांचा एकमेकांवर उपकार असतो, हा त्याचा अर्थ. 'एकमेकांवर' आहे तिथं. आपण वरून खाली देतो, असं नाही.

यंदा मी भाषण केलं नाही. मुलांना लाडू वळायला बसवलं आणि विचारलं, हा लाडू कुणाकुणाचा? हरभरा, गिरणी, गॅसवाला, ऊस, गाय असं निघत गेलं. तुपाशी आल्यावर धाकटी म्हणाली, "वासराला विचारलं होतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाडू वळायला दुप्पट वेळ लागला, आणि सूनबाई वैतागली ते वेगळंच.

आलोचनेचंही तसंच. मुलांना समोर उभं करून "चूक कबूल कर, सॉरी म्हण" म्हटलं की ती पोपटासारखी म्हणतात. आपली चूक आपण त्यांच्यासमोर किती वेळा सांगतो? लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्यांजवळ बसल्यावर मीच आधी बोलले. म्हटलं, मागच्या वर्षी मी त्या मुलांचे फोटो त्यांना न विचारता काढले, ते चुकलं. मला वाईट वाटतंय. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नातू हळूच म्हणाला, "आजी, मी डबा देताना नाक धरलं होतं." मला हे माहीतच नव्हतं. मी काही बोलले नाही, नुसता हात धरला त्याचा.

पाडव्याला आम्ही पुन्हा गेलो. फोन घरी ठेवला होता. डबे कमी नेले, थांबलो जास्त. एका बाईंनी नातवाला उसाचं कांडं सोलून दिलं. त्यानं विचारलं, "काकू, हा तुम्ही तोडलात?" त्या हसल्या, म्हणाल्या, "मीच की!" आणि त्याला कोयता कसा धरतात ते दाखवलं.

घरी पोचेपर्यंत सूर्य मावळला होता. त्यानं ते कांडं रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलं आणि सकाळी दात घासायच्या आधी मला उठवलं, "आता खाऊ का?"