बुटाची व्यंजना

जालन्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे १६०० मीटर धावतात. त्यांच्या पायांतील बुटांच्या किमती दुपटी-तिपटीने वेगळ्या असतात. अंतर मात्र सर्वांना सारखेच. मग हा फरक कशाचा?

शब्दशक्तींच्या परिभाषेत पाहू. तळाचा फोम, शिलाई, वजन ही झाली बुटाची अभिधा. तिचा खर्च खरा असतो. डिकॅथलॉन आपलाच माल प्रामुख्याने आपल्याच दुकानांतून विकते. त्यामुळे मधला नफा वाचतो आणि किंमत उतरते. नायकी खेळाडूंशी होणाऱ्या करारांवर आणि जाहिरातींवर प्रचंड खर्च करते. तिचे चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरांत काढून दिले होते. त्या रेषेला मोल आले ते पुढे विजेत्यांच्या पायांमुळे. ही व्यंजना, ग्राहक तिचेही पैसे मोजतो.

व्यंजना खोटी नसते, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. पण कवितेत ती रसिकाला सहज लाभते, बाजारात विकत घ्यावी लागते. शेतमजुराच्या मुलाने उसने पैसे काढून ती घ्यावी काय? माझ्या मते त्याने पायाला नीट बसणाऱ्या बुटापुरतेच, म्हणजे अभिधेपुरतेच पैसे द्यावेत. भरतीच्या मैदानावर गुण मिळतात ते वेळेला. बुटावरच्या चिन्हाला नव्हे.