टोळीसोबत निघण्याआधी गोळ्यांची सोय करा

पीक गेलं की ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घ्यावी लागते, हे मराठवाड्याला सांगायला नको. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यातल्या गावांत पुराचं पाणी शिरलं. हवामान असं बिघडत चाललंय, आणि ऊसतोडीला जाणारी घरं वाढतात.

घर सोडलं की एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, चुकायला लागतात. मला काळजी त्याची आहे.

तुमच्या घरात कोणी एआरटी घेत असेल तर नीट ऐका. गोळी रोज घेतली तर विषाणू दबून राहतो. तपासणीत तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. खंड पडला की तो पुन्हा वाढतो. मग आजारपण येतं, आणि जोडीदारालाही धोका होतो.

म्हणून निघण्याआधी तुमच्या एआरटी केंद्रात जा. नांदेडला विष्णुपुरीत, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. कुठल्या जिल्ह्यात, किती महिने चाललात ते मोकळेपणानं सांगा. तब्येत स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. फडाजवळचं केंद्र कोणतं ते लिहून घ्या. औषधांच्या पुस्तकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुरात कागद वाहून जातात. बाई गरोदर असेल तर हे आधी सांगा. औषधं वेळेवर सुरू राहिली तर बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो.

गोळ्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून ठेवा. ३० अंशांपुढची उष्णता त्यांना चालत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, कोपीतल्या सावलीच्या, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी असू द्या.

एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्या. दोन एकदम घेऊ नका. पाणी उकळून प्या, कारण जुलाबानं एचआयव्ही असलेलं शरीर लवकर खचतं. खोकला आला, मग तो कितीही दिवसांचा असो, तर टीबीची तपासणी करून घ्या.

टोळीत कळेल म्हणून अनेकजण गोळ्या लपवतात, मग घ्यायच्याच राहतात. ही भीती खोटी नाही. पण २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीमुळे कामावरून काढणं किंवा उपचार नाकारणं बेकायदेशीर आहे. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय सहसा उघड करता येत नाही.

तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. गोळ्या संपत आल्या आणि कुठं जायचं कळेना, तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. शेवटची गोळी संपायची वाट पाहू नका.