स्वस्तात मिळतेय म्हणे!

पुरुषमाणसाला एखादी वस्तू हवी झाली की ती त्याला ‘हवी’ नसते, ती ‘स्वस्तात मिळत’ असते. आम्ही साडी घेतली तर ती हौस. यांनी मोटरसायकल घेतली तर तो व्यवहार! हौसेला हौस म्हणायची लाज कशाला वाटावी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

सध्या आमच्या घरात 650 सीसीची एक जुनी क्रूझर स्वस्तात मिळते आहे. घेणार धाकटा पुतण्या. वय सत्तावीस, नोकरी हुबळीला, शनिवार-रविवार बेळगावात. गाडी पुण्याची, एमएच 12 पासिंग, 2023 सालची, चौदा हजार किलोमीटर चाललेली. मागणी दोन लाख नव्वद हजार. नवी घ्यावी तर रस्त्यावर येईपर्यंत चार लाखांच्या पुढं जाते, शिवाय 2025 च्या सप्टेंबरपासून 350 सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलींवर 40 टक्के जीएसटी. म्हणजे न घेतली तर लाखाचं नुकसान, असा त्याचा हिशोब. मी दोन-चार प्रश्न विचारले, तर म्हणाला, “काकी, तुला त्यातलं कळणार नाही.”

पोरगा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. माझं भांडण या वाक्याशी आहे. तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो जुना की नवा हे आम्ही सांगतो. भांडं बोटानं वाजवून चीर ओळखतो. टायरवरचा शिक्का वाचणं त्याहून अवघड आहे का? बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 1822 असेल तर टायर 2022 च्या अठराव्या आठवड्यात तयार झालं. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं होतंच. तसंच ब्रेकचं. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं 1 एप्रिल 2019 पासून. त्याआधीची दणकट गाडी ‘फार स्वस्तात’ मिळत असेल, तर चाक जाम होऊ न देणारी ही सोय तिच्यात आहे का, एवढं तरी विचारावं. यातलं काहीही शिकायला मिशा लागत नाहीत.

आता कागद. आम्ही सीमाभागातली माणसं. कुठलं गाव कुणाचं यावर आमच्या तीन पिढ्या भांडल्या, पण गाडी कुणाच्या हद्दीतली हे बघायला कुणी तयार नाही! पुण्याची गाडी बेळगावात आणली आणि बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिची नोंदणी इथं करावी लागते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. आणि कर्नाटकाचा रस्ताकर वेगळा. महाराष्ट्रात भरलेला परत हवा तर त्या आरटीओत अर्ज करायचा, खेपा घालायच्या. वाचलेल्या लाखातून हे सगळं वजा करा, मग सांगा स्वस्त किती ते. “एमएच पासिंगच्या किती गाड्या फिरतात की गावात!” असं उत्तर मिळतं. फिरतात. पोलीस अडवेपर्यंत फिरतात.

या गाडीच्या आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. मालक म्हणतो, “पैसे द्या, पंधरा दिवसांत बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देतो.” म्हणजे आमच्या पैशानं तो आपलं कर्ज फेडणार आणि तोवर आम्ही त्याच्या शब्दावर बसणार. गावातल्या ओळखीच्या सराफाकडं सोनं मोडतानासुद्धा आपण पावती घेतो. इथं पुण्याच्या अनोळखी माणसाला तीन लाख द्यायचे, कारण त्यानं व्हिडिओ कॉलवर गाडीचा आवाज ऐकवला.

हे विकणाऱ्यानंही लक्षात ठेवावं. नाव बदललं नाही तर आरसीवरचा माणूसच कायद्यानं मालक. विकलेल्या गाडीनं अपघात केला तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलेलं आहे. विम्याचंही तसंच. समोरच्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा हवा असेल तर चौदा दिवसांत नाव बदलून घ्यावं लागतं. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, गाडीबरोबर येत नाही.

बरं, दुसरा पक्षही मला मान्य नाही. घरातल्या ज्येष्ठ बायका. “नको गं बाई, मोठी गाडी म्हणजे यमदूत,” म्हणून कानावर हात ठेवला की त्यांचा विचार संपला. एका आत्यांनी तर परिग्रह काढला. श्रावकानं वस्तूंना मर्यादा घालावी, हे खरंच. पण परिग्रह-परिमाण आपल्याला पोराच्या मोटरसायकलीच्या वेळी आठवतं, तोळ्यांच्या वेळी आठवत नाही. दुसऱ्या फ्लॅटच्या वेळी तर मुळीच नाही. व्रत म्हणजे दुसऱ्याच्या हौसेला लावायचं कुलूप नव्हे. आणि नुसत्या ‘नको’नं पोरं थांबत नाहीत, ती न सांगता घेतात. मग ना कागद बघितलेले असतात, ना ब्रेक.

भीती बाळगायचीच तर नेमकी बाळगा. 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. त्यातही हेल्मेट नसलेली पन्नास हजारांवर. यातल्या कितीतरी जणांच्या गाड्या साध्याच असणार. म्हणून ‘मोठी गाडी वाईट’ म्हणणं सोपं आणि अपुरं आहे. प्रश्न असा विचारावा, की हे पोरगं आजवर काय चालवत आलं? शंभर सीसीची गाडी, साधारण 112 किलोची, आठ हॉर्सपॉवरची. ही 241 किलोची आणि 47 हॉर्सपॉवरची. वजन दुपटीहून जास्त, ताकद जवळजवळ सहापट. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी गर्दीत एका पायावर ती तोलून धरायची आहे. शहापुरातल्या आमच्या बोळात ती मागं ढकलून वळवायची आहे. क्रूझरची बैठक खाली, पाय पुढं, चाकांतलं अंतर लांब. निपाणीकडं जाणाऱ्या सरळ हमरस्त्याला ती राणी. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यातल्या आखूड वळणावर तीच गाडी हट्टी होते. आणि या पठ्ठ्याचं पहिलं ठरलेलं ठिकाण कुठलं? चोर्ला मार्गे गोवा, तेही जुलैत!

अशा गाड्यांचा खर्च विकत घेतल्यावर सुरू होतो. जुना हत्ती अर्ध्या किमतीत आणला म्हणून तो अर्धा चारा खात नाही. टायर, चेन, सर्व्हिस सगळं मोठ्या गाडीच्या भावानं. आणखी स्वस्तात हार्ले-डेव्हिडसन मिळते म्हणून एकानं त्याला स्ट्रीट 750 सुचवली. त्या कंपनीनं 2020 साली हरियाणातल्या बावलचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, नंतर हीरोशी करार झाला. तेव्हाच्या गाडीचा एखादा भाग मोडला तर तो बेळगावात कोण, किती दिवसांत आणून देणार, हे सुचवणाऱ्यालाच आधी विचारायला हवं होतं.

आणि मागची सीट. या सबंध चर्चेत मागं कोण बसणार, हे कुणी विचारलंच नाही. चालवणाऱ्याला सोफा आणि मागच्याला पाटाएवढी गादी, अशी कितीतरी क्रूझरची रचना. मागच्या माणसाला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला निम्मं तरी झाकणारं कवच असावं, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम आहे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. या गाडीचं ते काढून टाकलंय. फोटोत मी बघितलं. “काकी, त्यानं लूक जातो.” आई, बायको, बहीण, मावशी यांचा पदर ज्यात अडकणार, ते झाकलं तर लूक जातो! ज्या घराला ही गाडी परवडवून घ्यायची आहे, त्या घरातली बाई त्या गाडीवर नीट बसू शकत नाही, एवढं एका वाक्यात पुरेसं आहे.

शेवटी पैसा. दोन नव्वदमधले एक चाळीस त्याच्या बचतीचे. त्यावर त्याचा हक्क, त्याचं त्यानं काहीही करावं. उरलेले दीड लाख येणार थोरल्या भावोजींच्या ठेवीतून, आणि ती ठेव आहे वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. वहिनी जिना उतरताना कठडा धरून आडव्या उतरतात. मंदिराच्या पायऱ्या त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडल्या, खालूनच हात जोडतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “घेऊ दे गं, पोराची हौस आहे. माझं काय, दिवाळीनंतर बघू.” दिवाळीनंतर बघू हे आपल्या घरांतलं सगळ्यात महाग वाक्य आहे, आणि ते नेहमी बाईच्याच शरीराबद्दल असतं. गाडी थांबली तर ती विकली जाईल, गुडघा थांबत नाही, झिजत राहतो.

म्हणून माझं मत मी घरात मांडलं, इथंही मांडते. ही गाडी घेऊ नये. कागद पुरे नाहीत, पैसा दुसऱ्याचा आहे आणि मागं बसणारीला जागा नाही. त्याला क्रूझरच हवी असेल तर स्वतःच्या पैशानं घ्यावी, केए पासिंगची बघावी, बँकेचा बोजा उतरल्यावर घ्यावी, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावं, साडी गार्ड परत बसवावं आणि पहिला पावसाळा घाट टाळावा. एवढं केल्यावर खुशाल घ्यावी; मी स्वतः नारळ वाढवीन. हौस म्हणूनच घ्यावी, व्यवहाराचा आव आणू नये.

आणि बायकांनो, तुमच्याही घरात असं काही ‘स्वस्तात’ येऊ घातलं असेल, तर पेढे मागवण्याआधी आरसी मागा. मालकाचं नाव वाचा. खाली बँकेचं नाव आहे का बघा. गाडीचा फोटो मागच्या बाजूनं मागा. मग पैसे कुठल्या डब्यातून निघणार ते विचारा, सगळ्यांच्या समोर, जेवणाच्या ताटावर. “तुला त्यातलं कळणार नाही,” असं कुणी म्हणालं तर उठू नका. आमटी वाढा आणि पुढचा प्रश्न विचारा.