घड्याळाचे पोट आणि ओठ

यंत्र नवे आले म्हणजे घड्याळाचे रूपही धाडसाने बदलावे काय? आमच्या मते हा प्रश्न शोभेचा नसून सचोटीचा आहे.

1957 साली हॅमिल्टन कंपनीने बॅटरीवर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यांतील ‘व्हेंचुरा’चा तिरपा, ढालीसारखा आकार पाहून ग्राहक मोहित झाले. परंतु आतील विद्युत्-संपर्काचे बिंदू झिजत आणि घड्याळ दुरुस्तीस परत येई. रूपाने दिलेले वचन यंत्राला पाळता आले नाही.

1960 साली बुलोव्हाचे ‘अ‍ॅक्युट्रॉन’ आले. त्यात सेकंदास 360 कंपने करणारा नादकाटा होता. तो ग्राहकांस दाखविता यावा म्हणून दुकानदारांना तबकडीविना नमुने देण्यात आले. ग्राहकांनी तेच मागितले आणि ‘स्पेसव्ह्यू’ विक्रीस आले. येथेही धाडस होते, पण जे पोटात तेच ओठात होते.

1969 साली सेइकोने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, ते मात्र परिचित तबकडी-काट्यांसह. यंत्रात क्रांती झाली, तरी वेळ वाचण्याची रीत बदलण्याचे कारण नव्हते.

तात्पर्य, नवे रूप नव्या यंत्राची खरी ओळख करून देत असेल, तर त्याचे स्वागत करावे. केवळ डोळे दिपविणारे असेल, तर व्यापारी बंधूंनी आधी यंत्र पारखावे. दोष कारखान्याचा असला तरी ग्राहक घड्याळ घेऊन आपल्याच पेढीची पायरी चढतो, आणि तेथे पणास लागते ती आपली पत.