विश्लेषण : शेजारच्या दडपशाहीला ‘अंतर्गत बाब’ म्हणणे भारताला शोभते का? गोव्याचा अनुभव काय सांगतो?

चेंबूरहून माहुलकडे निघाले की रिफायनऱ्यांच्या चिमण्या दिसू लागतात. त्यातली एक रिफायनरी आज भारत पेट्रोलियमची आहे, पण चेंबूरमधल्या जुन्या मंडळींच्या तोंडी तिचे नाव अजून ‘बर्माशेल’च आहे. १९५५ मध्ये सुरू झालेली ही रिफायनरी १९७६ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि नाव बदलले. त्या जुन्या नावातला ‘बर्मा’ म्हणजे आजचा म्यानमार. मराठी घरांना हा देश त्याही आधीपासून माहीत आहे, तो मंडालेमुळे. ‘केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाची शिक्षा झालेल्या लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात तिथल्या तुरुंगात दिवस काढले. लिहिल्याबद्दल, बोलल्याबद्दल तुरुंगात गेलेले लोक म्यानमारमध्ये आजही आहेत. फरक इतकाच, की आता त्यांना डांबणारे लष्कर त्यांच्याच देशाचे आहे. अशा वेळी शेजारच्या लोकशाही देशाने काय करायचे असते?

म्यानमारमध्ये काय घडले?

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या ‘नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी’ला दणदणीत बहुमत मिळाले. नवी संसद ज्या दिवशी भरणार होती त्याच दिवशी, १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, लष्कराने नेत्यांना अटक करून सत्ता हातात घेतली. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कर्मचारी कामावर जायचे थांबले. लष्कराने आधी फेसबुक बंद केले, मग इंटरनेट, आणि पुढे रस्त्यावर गोळ्या झाडल्या. जुलै २०२२ मध्ये चार जणांना फाशी देण्यात आली. त्यात माजी खासदार फ्यो झेया थॉ होते. राजकीय कैद्यांसाठी काम करणाऱ्या ‘एएपीपी’ या संस्थेच्या नोंदीनुसार लष्कर आणि त्याच्या साथीदारांच्या हातून मेलेल्यांचा आकडा सहा हजारांच्या पुढे गेला आहे.

भारताची भूमिका काय राहिली?

‘तीव्र चिंता’ व्यक्त करण्यात आली. २७ मार्च २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सशस्त्र दलांचा दिवस साजरा केला. त्याच दिवशी देशभरात शंभराहून अधिक माणसे गोळीबारात मारली गेली. त्या संचलनाला प्रतिनिधी पाठवणाऱ्या आठ देशांत चीन, रशिया आणि पाकिस्तानच्या बरोबरीने भारतही होता. १८ जून २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लष्कराच्या निषेधाचा आणि शस्त्रपुरवठा रोखण्याचा ठराव आला. ११९ देश बाजूने, बेलारूस विरोधात, ३६ तटस्थ. भारत तटस्थांत होता. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत असाच ठराव आला तेव्हा परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते, आणि भारत पुन्हा चीन व रशियासोबत तटस्थ राहिला.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ मुत्सद्देगिरी म्हणून सोडून देता आले असते. पण संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सत्तापालटानंतर भारतातून म्यानमारच्या लष्कराकडे सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरची शस्त्रे आणि संबंधित सामग्री गेली. पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या. रशिया आणि चीनच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. तटस्थ म्हणवणाऱ्या देशासाठी तो लहान नाही.

परराष्ट्र खात्याची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. दोन्ही देशांची सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. ईशान्येतील सशस्त्र गट सीमेपलीकडे आसरा घेतात आणि त्यांच्याविरुद्धच्या कारवाईत म्यानमारच्या लष्कराची मदत लागते. भारत तोंड फिरवेल तर चीन आणखी आत शिरेल, ही भीतीही खरीच. प्रश्न असा आहे, की या सगळ्यासाठी ‘ही त्यांची अंतर्गत बाब’ असे म्हणावेच लागते का?

‘अंतर्गत बाब’ हे उत्तर भारताने कधी ऐकले होते?

गोव्यात. १८ जून याच तारखेला, १९४६ साली, डॉ. राममनोहर लोहिया यांनी डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या साथीने मडगावात बंदी मोडून सभा घेतली. त्या वेळी पोर्तुगालमध्ये सालाझार यांची हुकूमशाही होती आणि गोव्यात सभा घ्यायची तर परवानगी लागत असे. सेन्सॉरचा कारभार इतका बारीक होता, की लग्नपत्रिकाही छापण्याआधी दाखवावी लागे. या आंदोलनानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवून त्यांना पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात पाठवले गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाच्या एका मेजवानीत ‘हा पोर्तुगालच आहे’ अशा अर्थाचे भाषण झाले तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी ‘माझा याला विरोध आहे’ एवढेच म्हटले. तेवढ्यासाठी त्यांना अटक करून पोर्तुगालला नेण्यात आले.

जगाने विचारले की लिस्बनचे उत्तर तयार असे. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे नाव दिले होते. वसाहतच नाही म्हटल्यावर कोणी विचारायचे कारणच उरत नाही! आणि मोठ्या लोकशाही देशांनी हे चालवूनही घेतले. पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता, अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांसोबतच्या संयुक्त निवेदनात ‘पोर्तुगीज प्रांत’ हाच शब्द वापरला आणि दिल्लीत संताप उसळला. आज नेपीडोतील लष्कराबद्दल भारत जे म्हणतो, ते तेव्हा भारताने स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

नाकेबंदीने काय साधले?

या भागावर थोडे थांबायला हवे, कारण ‘काहीतरी करा’ म्हणणारे बहुतेक जण पहिल्यांदा निर्बंधांकडेच बोट दाखवतात.

१८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. मारहाण झाली, गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पाठोपाठ गेलेल्या मधू लिमये यांना बारा वर्षांची. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर गेले तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक जण ठार झाले. त्यानंतर नेहरू सरकारने गोव्याभोवतीचा फास आवळला. रेल्वे बंद झाली, मालाची ये-जा थांबली, प्रवासाला परवाना लागू लागला, गावी पैसे पाठवण्यावर बंधने आली.

सालाझार वाकले नाहीत. बटाटे हॉलंडहून, तांदूळ व भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून आणि सिमेंट जपानहून येऊ लागले. लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीकडे निघाले, खाणींचा पैसा वाढला, पोर्तुगालने गोव्यासाठी स्वतंत्र विमान कंपनी काढली. चोरटा व्यापार फोफावला तो वेगळाच. झळ बसली ती मुंबईत नोकरी करून गावी पैसे धाडणाऱ्या गोवेकराला, जहाजावरच्या खलाशाला आणि पलीकडे त्याची वाट पाहणाऱ्या आईला. धोबी तलावच्या कुडांत राहणारा माणूस हा सालाझारचा समर्थक नव्हता, पण सीमेवर अडला तो तोच. पुढे यातले निर्बंध सरकारला सैल करावे लागले.

सरसकट नाकेबंदीचा हा दोष आजही तसाच आहे. सत्तेवर बसलेल्याला दुसरी वाट सापडते, कारण वाट शोधायची साधने त्याच्याकडेच असतात.

मग उपयोगी काय ठरले?

पोर्तुगालमधून निसटून कुन्हा १९५३ मध्ये मुंबईत आले आणि १९५८ मध्ये निधन होईपर्यंत इथूनच ‘फ्री गोवा’ चालवत राहिले. गोव्यात जे छापता येत नव्हते ते मुंबईत छापता येत होते. दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ केंद्र चालवले. कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये रोज बातम्या. सेन्सॉरने कापलेले सगळे इथून ऐकू येई. हे काम सहा वर्षे चालले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती बातमी लोकांना सांगितली. २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

गोवा मुक्त झाला तो लष्करी कारवाईने, हे खरेच आहे. रेडिओने सालाझारना घालवले असा दावा कोणी करू नये. त्या कारवाईवरून सुरक्षा परिषदेत अमेरिका व ब्रिटनने भारताला धारेवर धरले आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव बारगळला, हेही तितकेच खरे. पण म्यानमार ही कुणाची वसाहत नाही आणि तिथे सैन्य पाठवण्याचा विचार कोणताही शहाणा माणूस करणार नाही. उरतात ती आधीची सहा वर्षे, आणि त्या वर्षांत गोवेकरांच्या सर्वाधिक उपयोगी पडल्या दोन गोष्टी : पळून आलेल्याला आसरा आणि गप्प केलेल्याला आवाज.

भारत स्वतः ‘परदेश’ होता तेव्हा?

जून १९७५ नंतर येरवडा, नाशिक रोड, ठाण्याचे तुरुंग मिसाबंद्यांनी भरले. वृत्तपत्रे सेन्सॉर झाली, परदेशी वार्ताहरांना देशाबाहेर काढले गेले. घराघरांत लोक खऱ्या बातमीसाठी बीबीसी लावू लागले. जून १९७६ मध्ये जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले तेव्हा विली ब्रांट, ब्रुनो क्रायस्की, ओलोफ पाल्मे या युरोपीय समाजवादी नेत्यांनी त्यांच्या जिवाची काळजी इंदिरा गांधींना कळवली. सरकारी भाषेत हा सगळा ‘परकीय हात’ होता. तुरुंगातल्यांना तो तसा वाटला नसावा. त्या दिवसांचा अभिमान सांगणारे राजकीय पक्ष आज दिल्लीत आणि मुंबईत सत्तेत आहेत, म्हणून ही आठवण.

आता करता काय येईल?

पहिली गोष्ट सर्वांत सोपी : लष्कराच्या हाती पडू शकेल अशी एकही सामग्री न विकणे. यात सीमेच्या सुरक्षेचे काही बिघडत नाही.

दुसरी, गॅस. म्यानमारच्या किनाऱ्याजवळच्या श्वे प्रकल्पात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा ८.५ टक्के वाटा आहे, म्हणजे दोन सरकारी कंपन्या मिळून चौथा हिस्सा. हा गॅस मुख्यतः पाइपलाइनने चीनला जातो. मुंबईतल्या एकाही शेगडीचा त्याच्याशी संबंध नाही. त्यातून मिळणारे डॉलर मात्र तिथल्या सरकारी तेल कंपनीमार्फत लष्कराच्या हाती पडतात. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीवर निर्बंध घातले. वाटा विकून बाहेर पडणे हा उपाय दिसतो तितका चांगला नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोटल आणि शेव्हरॉन यांनी दुसऱ्या प्रकल्पातून अंग काढायचे ठरवले. टोटलचा वाटा उरलेल्या भागीदारांकडेच गेला. गॅस वाहत राहिला. त्यापेक्षा लष्कराच्या वाट्याचे पैसे निवडून आलेले सरकार येईपर्यंत वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावेत, ही म्यानमारमधल्या आंदोलकांची मागणी अधिक व्यवहार्य आहे. चौथ्या हिश्शाचा भागीदार ती भागीदारांच्या बैठकीत मांडू शकतो. भारताने ती मांडल्याचे दिसलेले नाही.

आवाजाच्या बाबतीत तर भारताकडे स्वतःचाच दाखला आहे. १९८८ च्या उठावात आकाशवाणीची बर्मी सेवा तिथल्या लष्कराला झोंबेल अशा बातम्या देत असे. सू ची यांना १९९३ सालचा नेहरू पुरस्कारही भारताने दिला. (त्याच सू ची २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांच्या विरोधातल्या लष्करी कारवाईची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. पाठिंबा व्यक्तीला द्यायचा की लोकांच्या हक्काला, याचे उत्तर त्यात आहे.) आज बोलायचे तर एक अडचण आहे : ‘अ‍ॅक्सेस नाऊ’च्या मोजणीत २०२४ मध्ये इंटरनेट बंद पाडण्यात म्यानमार पहिला होता, ८५ वेळा. भारत ८४.

आणि आसरा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना ज्या बराकींत ठेवले तो ‘चेंबूर कॅम्प’ आज मुंबईचा साधा एक भाग आहे. तिथे राहणाऱ्याला कोणी निर्वासित म्हणत नाही. मार्च २०२१ मध्ये मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाने ईशान्येतील राज्यांना म्यानमारहून येणाऱ्यांना रोखण्यास सांगितले. मिझोरमने ऐकले नाही. येणारे चिन लोक हे आपलेच भाऊबंद आहेत, असे तिथल्या सरकारने केंद्राला कळवले आणि तीस हजारांहून अधिक जणांना गावांनी व चर्चनी सांभाळले. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांना, त्यात तीन पत्रकार होते, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात अर्ज करण्यासाठी दिल्लीला सुखरूप जाऊ देण्याचा आदेश दिला. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी कायदाही नाही. त्यामुळे त्या सात जणांना मिळालेली वाट आठव्याला मिळेलच असे नाही. त्याला पुन्हा वकील शोधावा लागेल.