फवारणीतील अक्षर-संकेत

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा एकमेकींस लागून असतात. एका बागेत घड काढणीस आलेले असतात, तर शेजारच्या बागेस औषधाची गरज असते. अशा ठिकाणी ड्रोनचालक एका बांधावर व त्याचा सहाय्यक दुसऱ्या बांधावर उभा असतो. वॉकीटॉकीवर ‘बी’ व ‘डी’ सारखेच ऐकू येतात. ‘सदुसष्ट’ व ‘अडुसष्ट’ यांचेही तसेच. औषध चुकीच्या बागेवर पडल्यास त्याच्या अवशेषांमुळे निर्यातीचा माल नाकारला जाण्याचा संभव असतो.

विमानवाहतुकीत १९५६ पासून ‘बी’साठी ‘ब्राव्हो’, ‘डी’साठी ‘डेल्टा’ असे ठराविक शब्द जगभर रूढ आहेत. त्यांऐवजी गावचे शब्द सोपे पडतील, असे काहींस वाटते. परंतु चालक पुष्कळदा परगावचा असतो. संकेत सर्वत्र एकच असणे, यातच त्याचे सामर्थ्य आहे. आकडेही ‘सहा-सात’ असे सुटे सांगावेत. ऐकणाऱ्याने तोच संदेश पुन्हा म्हणून दाखविल्याशिवाय ड्रोन उडवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचतगटांतील चालक-भगिनींना हा पाठ अवश्य द्यावा. यास पैसा लागत नाही. चुकीस मात्र वर्षाचे पीक पुरत नाही.